समुपदेशक घडविताना

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांशी संबंधित एका प्रकरणात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्या व्यक्तीने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. खासगी शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. सदाशिव पेठ आणि नवी पेठेतील अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुण्याच्या दृष्टीने या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको. एवढे समुपदेशक आणायचे कोठून, असे आता सगळेच विचारतात. मला मात्र त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पात्र समुपदेशक म्हणायचे कोणाला, आणि तो घडवण्यासाठी विद्यापीठाने नेमके काय करायचे?

ही गरज नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा आणि शिक्षकांनी त्याला साहाय्य करावे, अशी शिफारस केली होती. ती साधी अपेक्षासुद्धा आपण पुरी केली नाही. कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशकासाठी मात्र दीर्घकाळ अशी कोणतीही चौकट नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशकांचा आपल्या यादीत समावेश केला, हे चांगले झाले. तरीही आज दोन वर्षे एम. ए. केलेली व्यक्ती आणि काही रविवारच्या वर्गांतून प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्ती एकाच नावाची पाटी दारावर लावू शकते, आणि दार उघडून आत येणाऱ्या पालकाला त्यातला फरक कळण्याचा काही मार्ग नसतो.

विद्यापीठातील अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकृती, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे विषय असतात, आणि ते असायलाच हवेत. चाचण्यांचेच पाहा. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. अहवाल हाती पडले. पण त्या अहवालाचा अर्थ मुलाची परिस्थिती, घरची ओढाताण आणि त्याची स्वतःची इच्छा यांच्याशी जुळवून सांगणारे माणूस बहुतेक शाळांत नव्हते. चाचणी देणे, तिची प्रमाणके, म्हणजे मुलाचे गुण कशाशी ताडून पाहायचे ते, समजणे आणि तिच्या मर्यादा पालकांना न दुखावता सांगणे, हे सगळे शिकावे लागते. ज्ञान प्रबोधिनीसारख्या पुण्यातील संस्थेने बुद्धिमापनाच्या क्षेत्रात अनेक दशके काम केले आहे, त्यामुळे या विषयात तरी आपल्या शहराला दूर कोठे पाहावे लागत नाही.

खरी उणीव आहे ती पर्यवेक्षणाखालील सरावाची. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत समुपदेशनाच्या भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि संवादातील वाक्य अन् वाक्य विद्यार्थ्यांसह तपासले. आजही या विद्येचे शिक्षण त्याच पद्धतीने होते. अर्थात, समोरच्या व्यक्तीची संमती घेऊन आणि तिची ओळख पूर्ण झाकून.

अशा तपासणीत काय घडते, हे एका कल्पित उताऱ्यावरून सांगतो. स्पर्धा परीक्षेसाठी मराठवाड्यातून आलेला तरुण म्हणतो, “तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षा गेली. वडिलांनी सोयाबीन विकून पैसे पाठवले होते. आता नको वाटतं सगळं.” शिकाऊ समुपदेशक लगेच उत्तरतो, “अरे, असं खचून जायचं नाही. अजून एक प्रयत्न आहेच की!” उत्तर सद्भावनेचे आहे, घरच्या मामांनी किंवा काकांनीही हेच म्हटले असते. पर्यवेक्षक बाई मात्र इथेच थांबतात. नको म्हणजे काय नको, असे त्या विचारतात. परीक्षा नको, गावाकडे जाणे नको, की जगणेच नको? तुम्ही त्याला हे विचारलेत का? आणि धीर दिल्याने अस्वस्थता कोणाची कमी झाली, त्याची की तुमची? आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हे वाक्य परीक्षेत अचूक लिहिणारा विद्यार्थीसुद्धा प्रत्यक्षात तो प्रश्न विचारताना अडखळतो. तो प्रश्न शांतपणे, आपल्या साध्या मराठीत तोंडून यावा, यासाठी जोडीने समोरासमोर बसून पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो.

गोपनीयतेचेही तसेच आहे. मुलाने सांगितलेले कोणाला सांगायचे नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे हे कौशल्य आहे.

अमेरिकेत समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद सुरुवातीच्या सरावाचे किमान १०० आणि त्यानंतरच्या आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे, ६०० तास मागते. त्यांपैकी २८० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबतचे असावे लागतात. आपल्याकडे ‘एनसीईआरटी’च्या शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेत तीन महिन्यांची आंतरवासिता आहे, ही जमेची बाजू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए. ला कार्यानुभवाचे श्रेयांक आले आहेत, पण संस्थेत हजर राहून नोंदवह्या भरणे आणि आपल्या संवादाची जाणकाराकडून तपासणी होणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ही तपासणी पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटातच होऊ शकते. साठ जणांना शिकवून पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकांकडून तिची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यासाठी अनुभवी समुपदेशकांना मानधन देऊन विभागाशी जोडून घ्यावे लागेल. पेठांमधील अभ्यासिकांसाठी विद्यापीठाने स्वतःचे समुपदेशन केंद्र चालवले, तर विद्यार्थ्यांना सराव मिळेल आणि त्या मुलांना आधार.

तोवर पालकांनी, मुख्याध्यापकांनी आणि अभ्यासिकांच्या चालकांनी एवढे अवश्य करावे. समुपदेशक नेमताना पदवीबरोबरच त्यांनी पर्यवेक्षणाखाली किती तास काम केले, कोणाच्या देखरेखीखाली केले आणि अडचणीच्या प्रसंगी ते आजही कोणाचा सल्ला घेतात, हे विचारावे. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि हे भाषण ऐकणाऱ्या कोणाला आज, आत्ता बोलण्याची गरज वाटत असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.