शिवणीची ब्राझीलवारी

मंडळी, विषय दिलाय ‘देशी झाडांची मिश्र लागवड आणि गुंतवणूक’. संयोजकांना आकडे हवे आहेत, ते देईन. पण आधी एक गोष्ट. झाडांत पैसे घालायला निघालेल्या माणसानं ती ऐकल्याशिवाय चेकवर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकली असेल त्यांनी कृपया शेवट फोडू नये.

डॅनियल लुडविग नावाचा अमेरिकन जहाजमालक होता. अफाट श्रीमंत. जगात कागदाचा तुटवडा पडणार असं त्याच्या मनानं घेतलं. १९६७ मध्ये त्यानं ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, जारी नदीच्या काठी सुमारे १६ लाख हेक्टर जमीन विकत घेतली. आता तिथं लावायचं काय? आजूबाजूला झाडांच्या हजारो जाती उभ्या. त्यातली एकही साहेबांना पसंत पडली नाही. त्यांनी निवडली शिवण! हो, आपलीच, भारतापासून आग्नेय आशियापर्यंत रानात वाढणारी. झपाट्यानं वाढते म्हणून.

जंगल साफ करायला बुलडोझर आणले. उष्ण कटिबंधातल्या अशा जंगलाचं बरंचसं भांडवल मातीत नसतं, झाडांत आणि वरच्या पातळ थरात असतं. बुलडोझरनं तोच थर खरवडला आणि खालची माती दाबून घट्ट केली. पुढे यंत्रं बाजूला ठेवून माणसांकडून तोड करून घ्यावी लागली. शिवण चिकणमातीत बरी वाढली, वाळूसर जमिनीत खुरटली. मग तिथं पाइन लावा, नंतर निलगिरी लावा, असं सुरू झालं.

आणि कारखाना! लगद्याचा कारखाना जपानमध्ये बांधला, वीजघरासकट, दोन तरंगत्या तराफ्यांवर. १९७८ मध्ये तो समुद्रातून ओढत ब्राझीलला नेला. वाटेत हिंदी महासागर लागला, म्हणजे झाडाच्या माहेरावरून कारखाना गेला, पण चौकशी करायला कुणी उतरलं नाही. (हसलात, आभारी आहे. मागच्या ठिकाणी या वाक्याला शांतता होती.) नदीकाठी तो हजारो लाकडी खुंटांवर बसवला. ते खुंट कशाचे होते? तिथल्याच मासारांदुबा नावाच्या झाडाचे. लावायला स्थानिक झाड चालत नव्हतं, अख्खा कारखाना तोलून धरायला मात्र चाललं. १९८२ मध्ये लुडविगनं सगळा पसारा ब्राझीलच्या कंपन्यांच्या गटाकडे सोपवला. तोवर सुमारे एक अब्ज डॉलर गेले होते.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. म्हणजे खरं व्याख्यान आता पाच मिनिटांत उरकायचं.

माझं म्हणणं एवढंच की मिश्र लागवड हा दानधर्म नाही, आपल्या अज्ञानाचा तो विमा आहे. कुठली जात कुठल्या तुकड्यात रुजेल हे आधी नीट कळत नाही. पनामात सार्दिनिया इथं नव्हे, चुकलो, सार्दिनिया इटलीत. सार्दिनिल्ला इथं २००१ मध्ये जुन्या कुरणावर सहा देशी जातींचा प्रयोग सुरू झाला. त्यातली एक, कॉर्डिया अलिओडोरा, जवळजवळ सगळी मेली. बाकीच्या पाच उभ्या राहिल्या. सगळे पैसे त्या एकीवर लावले असते तर?

किडीचंही तसंच. महोगनी आणि तिच्या कुळातल्या झाडांचा शेंडा पोखरणारी अळी असते. शेंडा गेला की खोडाला फाटे फुटतात आणि सरळ ओंडका मिळत नाही. इतर झाडांमध्ये विखरून लावलं तर हल्ला कमी होऊ शकतो; थांबतोच असं नाही.

आता पैसे. ८ टक्के चक्रवाढीनं २५ वर्षांत रक्कम जवळपास ७ पट होते, ४० वर्षांत २२ पट. सावकाश वाढणाऱ्या मौल्यवान झाडानं एकट्यानं तेवढ्या परताव्याचं ओझं वाहायचं म्हणजे कठीणच. जोडीला लवकर वाढणाऱ्या जाती असतील तर विरळणीतून, म्हणजे दाटीतली काही झाडं मधेच कापून, आधीच काही पैसे सुटतात, शेंगवर्गीय झाडं मातीला नत्र देतात आणि महाग लाकूड मागे शांतपणे जाड होत राहतं. फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञानं १८४९ मध्येच तोडीच्या वयाला व्याजाचा हिशेब लावून दिला. झाडांतल्या गुंतवणुकीची माहितीपत्रकं छापणारे तो वाचत नाहीत. ते सर्वांत चांगल्या तुकड्यातली वाढ अख्ख्या रानाला लावतात आणि लाकडाचा भाव दरवर्षी चढणारच असं धरतात.

अडचणीही सांगतो, नाहीतर मीही माहितीपत्रकच. सॉ मिलला एका जातीचा, एका मापाचा माल हवा असतो. मिश्र रानातली तोड महाग पडते. अनेक देशी जातींच्या वाढीच्या नोंदीच तुटपुंज्या आहेत, त्यामुळे परताव्याचा नेमका आकडा सांगणाऱ्याकडे मी संशयानं बघतो.

म्हणून प्रश्नोत्तरांत कुणी ‘किती टक्के सुटतील?’ असं विचारलंत, तर मी उलट विचारीन की पहिली विरळणी कोणत्या वर्षी धरली आहे आणि ते बारीक लाकूड कोण घेणार?