नागासाकीहून काय आणलंत?

(दृश्य: लाकडी चौकटीत ओतलं जाणारं पिवळं मिश्रण. कारागिराचे हात जवळून.)

अंडी, साखर, मैदा आणि मिझुआमे नावाचा चिकट पाक. लोणी नाही, तेल नाही. फुगवायचं सगळं काम हाताचं. हा कासुतेरा, इथला स्पंज केक. नागासाकीला येऊन गेलेला जपानी माणूस घरी हाच नेतो.

मिश्रण भट्टीत गेलं म्हणजे सुटलो, असं नाही. थोड्या थोड्या वेळानं चौकट बाहेर ओढायची, वर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि फळीनं सगळं पुन्हा ढवळायचं. याला ‘आवाकिरी’ म्हणतात, म्हणजे बुडबुडे कापणं. एखादा मोठा बुडबुडा राहिला, तर कापल्यावर भोक दिसतं.

भाजून झाला तरी लगेच विकत नाहीत. ओल सगळीकडे सारखी मुरावी म्हणून रात्रभर झाकून ठेवतात. मग कडा कापायच्या. त्या कडांचे तुकडे वेगळ्या पिशवीत स्वस्तात मिळतात. दिसले नाहीत तर विचारा, चव तीच असते.

(दृश्य: तळाचा कागद सोलताना.)

आता हे नीट बघा. कागद हळू सोलायचा, कारण तळाशी झारामे असते. खडीसाखरेचा चुरा करावा तसे हे जाड दाणे. घाईनं ओढलात तर ते कागदालाच चिकटून जातात, आणि खरी मजा तर त्या दाण्यांतच आहे.

फुकुसाया हे इथलं दुकान 1624 पासूनचं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं. कासुतेरा हे नाव मात्र जपानी नाही. ते पोर्तुगिजांच्या तोंडचं, स्पेनमधल्या कास्तील प्रांताचं.

(दृश्य: बंदर, डोंगरावरून.)

1571 मध्ये पोर्तुगीज जहाजं या खाडीत येऊ लागली. वाट अशी: गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. चीनचं रेशीम इकडे यायचं, जपानची चांदी तिकडे जायची. जपानी भाषेत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं.

त्या वाटेनं आमच्या गावचा एक माणूसही इथं आला होता.

(दृश्य: निशिझाका टेकडी. कांस्याच्या मूर्तींची रांग.)

गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा. आई इथली, म्हणजे वसईची, वडील पोर्तुगीज. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा ब्रदर झाला. जपानी उत्तम यायचं, म्हणून 1593 मध्ये मनिलाहून आलेल्या धर्मगुरूंचा तो दुभाषा झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवलं, त्यांत तो होता. मूर्तींचे पाय बघा. एकाचाही जमिनीला टेकलेला नाही.

(चार सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: देजिमा, दुरुस्त केलेली गोदामं.)

पोर्तुगिजांना एका जागी डांबून ठेवायला 1636 मध्ये समुद्रात भर घालून हे पंख्याच्या आकाराचं बेट पुरं केलं. तीन वर्षांत पोर्तुगीजच देशाबाहेर गेले. 1641 मध्ये डच आले आणि दोनशे वर्षांहून जास्त राहिले. त्यांच्या जहाजांतून साखर यायची, पोत्यांवर पोती. पदार्थ कमी गोड झाला की या भागात म्हणतात, ‘नागासाकी लांब आहे’.

(दृश्य: नाकाशिमा नदी, चष्म्यासारखा दगडी पूल, ट्राम.)

1634 चा हा मेगानेबाशी. 9 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब उत्तरेला उराकामीत पडला. मध्ये डोंगर होते म्हणून जुन्या शहराचा काही भाग वाचला.

पुलाजवळच्या दुकानांत वळू या.

(दृश्य: काचेचं खेळणं, ओठांशी.)

हा बिदोरो. काच इतकी पातळ की नळीतून फुंकल्यावर तळ बाहेर येतो आणि परत आत जातो. ऐका. ‘पो... पेन.’ जोरात फुंकाल तर फुटेल. बॅगेत टाकू नका, हातात आणा.

शेजारच्या काचेच्या कपाटात कासवाच्या कवचाच्या फण्या आहेत, मधाच्या रंगाच्या. गोंद न वापरता, पाणी आणि उष्णता देऊन पापुद्रे दाबून जोडतात. कला मोठीच आहे. पण हे हॉक्सबिल कासव. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे आणि भारतातही त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आम्ही बघितल्या, चित्रीकरण केलं, घेतल्या नाहीत.

अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी आता शेवटची वस्तू.

(दृश्य: तळहातावर रंगीत दाणे.)

कोम्पेइतो. फिरत्या, तिरप्या कढईत दाण्यावर पाक सोडत राहायचा. पंधरवडाभर. हळूहळू काटा फुटतो. काही आठवलं? संक्रांतीला शेगडीवर परात, हाताशी पाकाची वाटी, आणि ‘काटा येतोय का गं?’ विचारणारी आजी.

हाही पोर्तुगिजांबरोबरच आला. 1569 मध्ये एका पाद्र्यानं तो काचेच्या बाटलीतून ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य जपानी सरदाराला भेट दिला होता. 1688 मध्ये छापलेल्या एका जपानी गोष्टीत नागासाकीचा एक जण याची कृती शोधत बसतो, आणि शेवटी त्याला कळतं की आत तीळ असतो!

आम्ही दोन पुड्या घेतल्या. यंदा वसईला घरच्या हलव्यात त्यातले चार दाणे मिसळणार आहोत. बघू, कोण ओळखतं.