खोक्यावरचा वॅट आणि कामामागची वीज

मित्रहो, तुलनेसाठी आज दोन प्रोसेसर घेऊ. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स, सप्टेंबर २०२२ चा, आणि इंटेलचा कोअर आय९-१४९००के, ऑक्टोबर २०२३ चा. पहिल्यात १६ कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दुसऱ्यात ८ मोठे आणि १६ छोटे मिळून २४. थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या ओळी, दोन्हीकडे ३२. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात माहितीपत्रक मागितलंत, तर एएमडीपुढे १७० वॅट आणि इंटेलपुढे १२५ वॅट दिसतील, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. इंटेलचे १२५ बेस पॉवरचे, म्हणजे मूळ वेगाचे, आहेत; टर्बोमध्ये, म्हणजे वेग चढवून चालताना, मर्यादा २५३ वर जाते. एएमडीचे १७० म्हणजे टीडीपी, कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा आकडा. सॉकेटमधून खरोखर ओढायची मर्यादा, पीपीटी, २३० आहे. म्हणजे ज्याचा आकडा लहान दिसतो, त्याचीच भूक मोठी.

बरं, वॅट हा वीज ओढण्याचा नुसता वेग. बिल येतं वॅट गुणिले वेळ याचं. हिशेबापुरते आकडे धरा: एक प्रोसेसर २५० वॅट ओढून रेंडर, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र बनवण्याचं काम, ४ मिनिटांत संपवतो, दुसरा १४० वॅटवर ६ मिनिटं लावतो. पहिल्याचे १००० वॅट-मिनिटं, दुसऱ्याचे ८४०. दीडपट वेळ लागूनही १६ टक्के वीज वाचली. पण दुसऱ्याने ८ मिनिटं लावली असती, तर ११२० झाले असते, आणि कमी वॅटवालाच उधळा ठरला असता. म्हणून एकच ठरलेलं काम द्यायचं आणि ते संपेपर्यंत किती वीज गेली, ते मोजायचं.

वरच्या टोकाला एवढी वीज का जाते? चिपचा वीजवापर फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फ्रिक्वेन्सी १० टक्के वाढवताना व्होल्टेजही तेवढंच वाढवावं लागलं, तर १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के जादा वीज. दोन्ही कंपन्यांनी हे प्रोसेसर त्याच महागड्या टोकावर आणून विकले आहेत. ७९५०एक्सला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, १०५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेचा पर्याय, द्या. पीपीटी १४२ वर येते, वीज तिपटीने नाही तरी भरपूर उतरते आणि रेंडरचा वेग थोडाच कमी होतो. १४९००के लाही पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सततची आणि टर्बोची वीजमर्यादा, खाली आणून असंच बसवता येतं. माझ्या मते, मर्यादा बांधून केलेली तुलना हीच खरी तुलना.

आता मोजणी. पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि कूलर दोन्हीकडे तेच हवेत. डीडीआर५ रॅमच्या दोनच पट्ट्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग, चालू करायला विसरलात, तर ६००० ची रॅम बहुतेक वेळा ४८०० वर धावते आणि दोष प्रोसेसरच्या माथी जातो. इंटेलच्या बोर्डावर वीजमर्यादा नीट तपासा. काही बोर्ड ती ४०९६ वॅट ठेवतात, म्हणजे मर्यादा नाहीच. बायोसही आधी अद्ययावत करा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपना जादा व्होल्टेजने इजा होत होती, त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, दिले. मात्र आधीच बिघडलेली चिप या मायक्रोकोडने दुरुस्त होत नाही.

सिनेबेंच, म्हणजे रेंडरची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर, १० मिनिटं चालवा. एचडब्ल्यूइन्फो या वीज-तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंटेलसाठी सीपीयू पॅकेज पॉवर, रायझनसाठी सीपीयू पीपीटी बघा. शिवाय भिंतीच्या प्लगमध्ये वीजमीटर लावा, कारण पॉवर सप्लायमध्ये आणि बोर्डावर गेलेली वीज सॉफ्टवेअरला दिसत नाही. आणि मुंबईत खोलीचं तापमान लिहून ठेवाच. मे महिन्यात पंख्याखाली ३३ अंश, एसीत २४. हे ९ अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपवर चढतात. ७९५०एक्स ९५ अंशांवर आणि १४९००के १०० अंशांवर वेग उतरवायला लागतो. एकाची चाचणी एसीत आणि दुसऱ्याची बाहेर झाली, तर तुम्ही हवामान मोजलंत.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रिकामं बसणं. ७९५०एक्समध्ये तीन तुकडे आहेत, कोअरचे दोन आणि आय-ओचा एक. त्यांना जोडणारी वाहिनी काम नसतानाही वीज घेत राहते. १४९००के एकसंध चिप आहे, त्यामुळे रिकाम्या वेळी तो सहसा कमी घेतो. फरक १५ वॅट धरा: रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, ३६ युनिट. रेंडरमध्ये रोज ०.१ युनिट वाचवलंत, तर वर्षाचे होतात ३०. कमावलेलं सगळं गेलं.

अंधेरी-गोरेगावच्या एडिटिंग टेबलांवर दिवसाचा बराच वेळ टाइमलाइन बघण्यात, थांबण्यात जातो. तिथे कॅमेऱ्याचं फुटेज एच.२६५, १०-बिट, ४:२:२ या दाबून साठवलेल्या प्रकारचं असेल, तर १४९००के चं क्विक सिंक, म्हणजे चिपमधला व्हिडिओसाठीचा खास भाग, ते हार्डवेअरवर उलगडतं. अशा टेबलासाठी मी इंटेल घेईन. रात्रभर ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी रेंडरचं सॉफ्टवेअर, चालणार असेल, तर १४२ वॅटवर बांधलेला ७९५०एक्स. तुमचं टेबल दोन्हींच्या मधलं असेल, तर प्लगमधला मीटर एक अख्खा कामाचा दिवस लावून ठेवा आणि संध्याकाळी युनिट वाचा.