पेन्शन नक्की कुणाला मिळते?

(चिंचवडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, संघाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'उतारवयात दोन-दोन नोकऱ्या का?' खाली कुणीतरी खडूनं उत्तरही लिहून ठेवलंय, 'घरी बायको असते म्हणून.' (हशा) पहिल्या रांगेतल्या वहिनी काही हसल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे, वेळ उरला तर.

इथल्या निम्म्या मंडळींची हाडं पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत झिजलीत, त्यामुळे ईपीएस-95, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन योजना, काय ते सांगायला नको. पण मागे सरकारी पेन्शनवाले बसलेत, दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याची बातमी मोठ्यानं वाचणारे. त्यांच्यासाठी एक गणित. तुमचा पगार कितीही असो, 2014 पासून हिशेबाला धरायचा जास्तीत जास्त 15,000. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणा, 70 नं भागा. पस्तीस वर्षं धरली तर साडेसात हजार. पण योजना सुरू झाली 16 नोव्हेंबर 1995 ला, म्हणजे तिला स्वतःलाच अजून पस्तीस वर्षं भरायचीत! त्याआधीच्या नोकरीचे मिळतात ते चणे-फुटाणे. त्यात महागाई भत्ता नाही. 2006 साली निवृत्त झालेल्याला तेव्हा सोळाशे ठरले असतील, तर आजही सोळाशेच. कमीत कमी पेन्शन 1,000, तीही सप्टेंबर 2014 पासून. आणि हो, हायर पेन्शनचा, म्हणजे पूर्ण पगारावर पेन्शन मिळण्याचा, प्रश्न आज कुणी विचारू नका. तो काढला की माणसं जेवायला घरी जात नाहीत.

आता मूळ मुद्दा. म्हणजे त्याआधी एक किस्सा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे.

आमचे एक स्नेही, टर्नर. सगळं आयुष्य लेथवर गेलं. कूलंट, धातूची बर, पॉलिश पेपर यांत बोटांच्या रेषा गेल्या त्या गेल्याच. निवृत्तीनंतर पेन्शन बसली 1,930 रुपये. एका सिक्युरिटी एजन्सीमार्फत सोसायटीच्या गेटवर लागले, बारा तासांची ड्युटी. त्या पोस्टचा रेट होता तेरा हजार. सुपरवायझर म्हणाला, "काका, तुम्हाला पेन्शन आहे ना? मग अकरा घ्या." काकांनी घेतले.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. सेवा केंद्रातल्या मुलानं अंगठा ठेवायला सांगितला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. दहाही बोटं झाली. "काका, हात धुऊन या." धुतले. "जरा व्हॅसलीन लावा." लावलं. रांगेतल्या बाईंनी पर्समधून खोबरेल काढून दिलं, ते लावलं. हाताचं पार लोणचं झालं, पण काका हयात आहेत यावर यंत्राचा विश्वास बसेना. गंमत अशी, की हाच माणूस रोज सकाळी सात वाजता सोसायटीच्या गेटवर हजेरीच्या यंत्राला बोट लावत होता आणि ते यंत्र "थँक यू" म्हणत होतं. कारण एजन्सीवाला हुशार, त्यानं करंगळी नोंदवून घेतली होती. तीन मिनिटं उशीर झाला तर पैसे कापायला करंगळी चालते, पेन्शन द्यायला दहा बोटं पुरत नाहीत! (टाळ्या)

टाळ्या नकोत, वेळ जातो.

तर दाखला अडला आणि पेन्शन थांबली. काका सुपरवायझरकडे गेले. म्हणाले, "पेन्शन आहे म्हणून तुम्ही दोन हजार कमी केलेत. आता ती बंद आहे, तेवढे दोन हजार द्या." सुपरवायझरचं उत्तर ऐका. "काका, पेन्शन हा तुमचा खासगी प्रश्न आहे. एजन्सीचा त्याच्याशी काय संबंध?"

झालं. काकांनी संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात खोकी लावायचं काम धरलं. सात ते सात गेट, साडेसात ते दहा दुकान. पुढे नातवानं मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला. त्यात डोळे मिचकावून जिवंत असल्याचं पटवावं लागतं. पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही आली. मी विचारलं, आता दुकान सोडलं ना? म्हणाले, "कशाला सोडू? पेन्शन मला कुठे मिळते? ती एजन्सीला मिळते."

हिशेब करून पाहा. पगारातून गेले 2,000, पेन्शन आली 1,930. सरकार आणि आपला फंड मिळून एजन्सीला दरमहा अनुदान देतात, वर काकांच्या खिशातले सत्तर. लोक म्हणतात, पेन्शन पुरत नाही म्हणून म्हातारी माणसं काम करतात. ते खरंच आहे. पण दुसरी नोकरी का करतात? पेन्शन दाखवून पहिल्या नोकरीचा पगार पाडलेला असतो म्हणून. किमान वेतनाच्या कायद्यात साठीनंतर कमी पगार द्या असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रौढ कामगार म्हणजे प्रौढ कामगार.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अहो, पाऊण तास ठरला होता. सत्कार लांबला तो माझ्या खात्यात का? बरं, भराभर सांगतो.

दुसरं कारण, साठीच्या माणसाला अख्खी नोकरी कुणी देत नाही, तुकडे देतात. स्कूल बसवर सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. एखाद्या दुकानाची खाती आठवड्यातून दोन दिवस. प्रत्येक तुकड्याचा पैसा त्या तुकड्याएवढाच, म्हणून तीन तुकडे जोडून एक पगार करायचा. शिवाय हे 'उद्यापासून येऊ नका' असं सांगून संपणारं काम. नोटीस नाही, हिशेब नाही. पाच वर्षं भरली तर ग्रॅच्युइटी लागते, तिला वयाची अट नाही, पण साडेचार वर्षं झाली की एजन्सीचं नाव बदलतं. एक तुकडा गेला तर दुसरा हातात असावा, म्हणून धडधाकट माणूसही दोन ठिकाणी पाय ठेवून असतो. आणि अठ्ठावन्नला एकदा पेन्शन सुरू झाली, की पुढे कितीही राबा, ईपीएसच्या पेन्शनमध्ये रुपयाची भर पडत नाही. मुलाच्या फ्लॅटचा हप्ता, औषधं वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडतो.

वहिनी, तुमचं. चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी तरुणपणापासून चार नोकऱ्या करतायत. त्यांच्यावर व्याख्यान ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. पुरुष साठीत तेच करू लागला, तर फळ्यावर विषय झाला. त्या मावशींना निवृत्तीचं वयच नाही, कारण त्यांना कुणी नोकरीवर घेतलेलंच नसतं. यावर खरं तर पूर्ण तास हवा. नवरा गेल्यावर विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, म्हणजे आमच्या काकांच्या बाबतीत 965, ते कमीत कमी पेन्शनच्या नियमानं 1,000 होतात एवढंच. पुढचं गणित तुम्हीच करा.

संपवतोच. एक कामाची गोष्ट लिहून घ्या. निवृत्तीआधी किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, असाल, तर वर्षाला 120 रुपये भरून तुम्हाला आणि जोडीदाराला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. निम्म्या लोकांना हे कुणी सांगतच नाही आणि ते डॉक्टरच्या बिलासाठी तिसरं काम शोधतात. जुना विमा क्रमांक आणि निवृत्तीचं पत्र घेऊन बुधवारी सकाळी संघाच्या खोलीत या, अर्ज मी भरून देतो. चहा मात्र तुमचा.