पहिल्या आठ तासांतला भाव

नमस्कार श्रोतेहो. समुद्रकिनारा नसलेले विकसनशील देश संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत 32 आहेत. त्यातल्या बऱ्याच देशांची निर्यात एक-दोन कच्च्या मालांवर उभी असते. कुठे तांबं, कुठे कापूस, कुठे कॉफी. यांच्यासाठी परिषद भरली की पहिली मागणी रस्त्याची, दुसरी बंदराची. रस्ते हवेतच. पण रवांडाची राजधानी किगाली, तिथून केनियाचं मोंबासा बंदर सुमारे 1700 किलोमीटर आहे, आणि कितीही गुळगुळीत रस्ता केला तरी ते जवळ सरकत नाही.

मग करायचं काय? साधा हिशोब करू. समजा बंदरापर्यंत किलोमागे 20 सेंट खर्च आला. माल एक डॉलर किलोचा असेल तर पाचवा हिस्सा वाटेतच गेला. तोच माल तीन डॉलरचा असेल तर जातो पंधरावा हिस्सा. अंतर तेच, ट्रक तोच. एकदा पाचवा हिस्सा, एकदा पंधरावा.

रवांडातल्या मराबाची गोष्ट मी म्हणूनच सांगतो. बुतारे (आताचं हुये) शहराजवळचा हा डोंगराळ भाग. 1994 च्या नरसंहारात घरंच्या घरं उजाड झालेली. 1999 मध्ये तिथल्या 220 शेतकऱ्यांनी कॉफीची सहकारी संस्था काढली. (सहकार म्हटलं की आपल्याला कारखान्याची निवडणूकच आठवते, त्याला इलाज नाही.) तोवरची रीत अशी की फळ घरीच सोलायचं, मिळेल त्या भांड्यात आंबवायचं, अंगणात वाळवायचं आणि येईल त्या व्यापाऱ्याला घालायचं. कुणाचं बी दोन दिवस आंबलेलं, कुणाचं मातीचा वास लागलेलं, आणि सगळं एकाच पोत्यात. त्यात 2001 मध्ये जागतिक भाव कोसळला, पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला.

त्याच वर्षी जुलैत, अमेरिकी मदतीच्या एका प्रकल्पातून, मराबात धुण्याचं केंद्र सुरू झालं. कॉफीची फळं लाल झाल्यावर तोडली की आठ तासांच्या आत सोलावी लागतात. आठ तास, लक्षात ठेवा. नाहीतर ढिगातच आंबू लागतात. ऊस तोडून फडात पडून राहिला की उतारा घटतो, तसंच हे. केंद्रात फळं आधी पाण्यात टाकतात. तरंगली ती पोकळ किंवा किडकी, ती बाजूला. बुडालेली पल्परमध्ये जातात, साल निघते. चिकट गर सुटायला साधारण 12 ते 18 तास टाकीत, मग वाहत्या पन्हाळीत धुणं. धुतलेलं ओलं बी सावलीतल्या जाळीवर पसरतात आणि बायका हाताने निवडतात. ओलं असतानाच निवडायचं, कारण भोक, डाग, काळपटपणा ओल्या बीवर उठून दिसतो, वाळल्यावर लपतो. शेवटी उंच मांडवांवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवण, ओलावा 11-12 टक्क्यांवर येईपर्यंत. जास्त राहिला तर कंटेनरमध्ये बुरशी.

केंद्र हंगाम सरत आल्यावर उघडलं, म्हणून पहिल्या वर्षी जेमतेम 200 किलो चांगली कॉफी हाती आली. पुढच्या वर्षी हुये डोंगरावरून झऱ्याचं पाणी नळाने आणलं. नमुने अमेरिकेत लुइझियानाच्या एका कंपनीकडे गेले आणि 2002 मध्ये तिने सुमारे 18 टन माल घेतला, किलोला तीन डॉलरने. समुद्र होता तिथेच होता.

याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चव घेणारी माणसं देशातच तयार केली गेली. स्वतःच्या मालाची चव स्वतःला ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक सांगेल तो दर्जा आणि तोच भाव. (आपण तर जायफळ आणि साखर घालून कुठल्याही कॉफीची चव झाकतो. लग्नातल्या कॉफीबद्दल मी बोलत नाही.) रवांडात हे जास्तच लागतं. अँटेस्टिया नावाचा ढेकण्या किडा फळाला टोचतो आणि कपात चक्क कच्च्या बटाट्याचा वास येतो. एक बी पुरतं. भाजलेल्या ढिगात ते डोळ्यांना ओळखू येत नाही. उपाय शेतात: छाटणी आणि पायरेथ्रमची, म्हणजे एका फुलापासून काढलेल्या कीटकनाशकाची फवारणी. ही फुलं रवांडातच पिकतात.

आता थोडक्यात पैशाचं. सहा ते सात किलो फळांचं एक किलो बी होतं. एका छोट्या कंटेनरला 60 किलोची 320 पोती, म्हणजे सव्वा लाख किलो फळं. त्यांचे पैसे शेतकऱ्याला रोख लागतात, आणि परदेशी गिऱ्हाईक देतं काही महिन्यांनी. बहुतेक केंद्रं इथेच अडतात, यंत्रात नाही. आधी विक्रीचा करार, करारावर बँकेचं कर्ज, आणि गिऱ्हाइकाने पैसे थेट बँकेत भरायचे. करार नसताना फळं घेतली तर रोकड संपते, आणि शेतकरी पुन्हा अंगणात सोलायला लागतो.

आणि “मग कॉफी तिथेच भाजून का विकत नाहीत?” हा प्रश्न हमखास येतो. भाजलेल्या कॉफीचा सुगंध काही आठवड्यांत उतरतो. हिरवं, म्हणजे वाळवलेलं पण न भाजलेलं बी नीट ठेवलं तर काही महिने टिकतं. ट्रक, बंदर, जहाज, पुन्हा बंदर एवढा प्रवास हिरव्या बीलाच झेपतो. भाजलेलं न्यायचं तर विमानभाडं पडतं, आणि मघाचा पंधरावा हिस्सा पुन्हा पाचव्याकडे सरकतो.