कावीळ न झालेल्यांची मोजदाद

नमस्कार श्रोतेहो. मी रक्तपेढीत डॉक्टर आहे. गणपतीत मंडळांची रक्तदान शिबिरं होतात आणि त्यानंतरच्या आठवड्यात काही दात्यांना आम्हाला फोन करून बोलवावं लागतं. असाच एक पंचविशीतला मुलगा एकदा समोर येऊन बसला. त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता. "काहीतरी गडबड आहे मॅडम," तो म्हणाला, "मला कावीळ कधी झालीच नाही."

तो खरंच बोलत होता. घोळ आहे तो आपल्या शब्दाचा. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच, ए, बी, सी, डी, ई. पण आपण सगळ्यांना कावीळच म्हणतो. त्यातले ए आणि ई दूषित पाण्यातून येतात आणि गाजावाजा करत येतात. इचलकरंजीत 2012 साली अशीच साथ आली होती. डोळे पिवळे, लघवी हळदीसारखी. मग कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवतो', कोणी गळ्यात माळ घालतो. ही कावीळ बहुतेकांची आपसूक बरी होते, आणि नाव होतं माळेचं! गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो, तिथे माळेच्या नादात एक दिवसही घालवू नका.

बी आणि सी यांची चाल वेगळी. रक्तातून शिरतात आणि वीस-तीस वर्षं मुकाट बसून राहतात. कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, किंवा यकृताचा कर्करोग. म्हणून काविळीचे रुग्ण मोजून देशातली लागण कळत नाही. धडधाकट माणसांचं रक्त तपासावं लागतं.

आपल्याकडे तसं झालं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत घेतलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा बी निघाला 0.95 टक्के, म्हणजे शंभरात जेमतेम एक. सीच्या खुणा हजारात तिघांकडे. उलट जागतिक आरोग्य संघटनेचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये भारतात बीचे 2 कोटी 98 लाख लोक होते आणि सीचे 55 लाख. हे बीचं प्रमाण होतं शंभरात दोन.

मग खरं काय? पहिला आकडा घरोघरच्या नमुन्यांचा. फूटपाथवरचे, तुरुंगातले त्यात येत नाहीत. दुसरा अनेक अभ्यास जोडून गणिताने काढलेला अंदाज. मी यावर वाद घालत नाही. कमीत कमी धरलं तरी बीची माणसं कोटीच्या वर जातात, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. शिवाय सरासरी फसवी असते. पंजाब, मणिपूर, मिझोराम इथे सी बराच जास्त आहे. एकच सुई अनेकांनी वापरून नशा करणं हे त्याचं एक मोठं कारण.

सी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचा बरा होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बी सहसा मुळासकट जात नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. पण त्याला लस आहे. बाळंतपणात आईकडून लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत तो कायमचा ठाण मांडतो. मोठेपणी लागण झालेल्यांत शंभरात पाचांहूनही कमी. म्हणून पहिली लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हवी, बारशाची वाट पाहायची नाही.

तर तो मुलगा. त्याने विचारलं, "घरी ताट-वाटी वेगळी करू का?" मी म्हटलं, अजिबात नको, जेवणातून हा पसरत नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेव, आणि घरच्यांना तपासायला घेऊन ये. पुढच्या सोमवारी तो आई आणि धाकट्या भावाला घेऊन आला. दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. कावीळ त्यांच्यापैकी कोणालाच कधी झाली नव्हती.