देव पाण्यात

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात देव पाण्यात ठेवायची पद्धत जुनी आहे. कुणाचं ऑपरेशन असो, दहावीचा निकाल असो नाहीतर कोर्टाची तारीख, आई ताम्हणात पाणी घ्यायची आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा न् सुपारीचा गणपती त्यात नेऊन बसवायची. एकदा देव पाण्यात गेले की संकट टळेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. टळलं की पुसून, गंध लावून पुन्हा देव्हाऱ्यात. निकाल बहुतेक वेळा बरे लागायचे, त्यामुळे पद्धत चालू राहिली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आईनं पावसासाठी देव पाण्यात घातले. आमचं घर सांगलीच्या गावभागात. ज्यांनी सांगली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती झालं’ असं विचारतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ साली पाणी चौपन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. तेव्हा वडिलांनी ओसरीच्या भिंतीवर तेलरंगानं एक तांबडी रेघ मारून ठेवली होती. पुढची चौदा वर्षं त्या रेघेवर आमचा देवाइतकाच विश्वास. इथपर्यंत आलं होतं, याच्या वर येत नाही, झालं.

सहा तारखेला गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं. महापालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरून गेली होती. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट आधीच पाण्यात होते. मी म्हटलं, चल आई, विश्रामबागेत ताईकडे जाऊ. आई म्हणाली, “देव पाण्यात आहेत. मी कशी येऊ?”

श्रोतेहो, पुढचं सगळं मी जे बोलणार आहे ते या एका वाक्यापाशी सुरू होतं. प्रार्थनेनं माणसाला धीर येतो, हे मी नाकारत नाही. रात्री अडीच वाजता अंधारात, खालच्या खोलीत भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत असताना मीसुद्धा रामरक्षा म्हटली आहे, आणि मी काही फार भाविक नव्हे. पण त्या दिवशी प्रार्थनेनं आईला धरून ठेवलं. नवस केला होता, तो मोडवत नव्हता. ती बसली म्हणून मी बसलो, मी बसलो म्हणून बायको बसली. दुसऱ्या दिवशी पाणी तांबड्या रेघेच्या वर गेलं. आम्ही माडीवर. शेवटी बोट आली. बोटीवरच्या पोराला आई पुन्हा तेच सांगायला लागली, देव खाली पाण्यात आहेत. पोरगं चिखलानं माखलेलं, दोन दिवस झोपलेलं नसावं. ते म्हणालं, “आजी, देव पोहतील. तुम्हाला येतंय का?” आई बोटीत बसली.

पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर ताम्हण मोरीत पालथं, वर बोटभर काळा गाळ. अन्नपूर्णा सापडली. बाळकृष्ण तीन दिवसांनी शिलाई मशीनच्या पायट्यात अडकलेला मिळाला. सुपारी गेली ती गेलीच. आणि सात-बारा, रेशनकार्ड, माझे पेन्शनचे कागद, सगळ्याचा लगदा.

आता कुणी म्हणेल, पण वाचलात ना? देवानंच वाचवलं. हे मी शंभरदा ऐकलंय. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. जास्त माणसं भरली होती. बायका-मुलं गेली. त्या बोटीत कुणी देवाचं नाव घेतलं नसेल? आमच्यापेक्षा जास्तच घेतलं असेल. पण ती माणसं पेढे वाटायला येत नाहीत, नवस फेडायला येत नाहीत, म्हणून हिशेबात धरली जात नाहीत. डायगोरस नावाच्या एका ग्रीक नास्तिकाची जुनी गोष्ट आहे. देवळात त्याला चित्रं दाखवली, वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांची. तो म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठं आहेत? दोन हजार वर्षं उलटून गेली, हा प्रश्न अजून तिथंच आहे.

ओडिशाचं पाहा. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथं महाचक्रीवादळ आलं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ च्या मे महिन्यात ‘फानी’ आलं, तेही थेट पुरीजवळ, म्हणजे जगन्नाथाच्या दारात. मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला. जगन्नाथ दोन्ही वेळेला होता. लोकांची भक्तीही तीच, वीस वर्षांत काही वाढली-घटली नसेल. मधल्या काळात वाढले ते किनाऱ्यावरचे पक्के निवारे, आठशेच्या वर, आणि गावोगाव माणसांना आधी उठवून तिथं नेण्याची सवय. फानीच्या वेळी बारा लाखांच्या आसपास लोक हलवले होते. बारा लाख! एवढी माणसं, त्यांची म्हातारी-कोतारी, कोंबड्या, गाठोडी. हलवणाऱ्यांनी आधी जगन्नाथाला हात जोडले असतीलही. जोडून उठले, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

भूकंपाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याचा भोंगा आधी वाजत नाही. बरोबर. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदली रात्र अनंत चतुर्दशीची होती. गावागावांतले गणपती विसर्जन करून, प्रसाद वाटून, माणसं दमून झोपली होती. आठ ते दहा हजार माणसं गेली. म्हणजे महाराष्ट्रानं प्रार्थना केली नव्हती असं म्हणायला जागाच नाही. दहा दिवस केली होती, मनापासून. माणसं कशानं गेली? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत चुना नाही, सिमेंट नाही, नुसता चिखल, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर सांधणारा लांब दगड क्वचितच कुठं घातलेला. जमीन हलली, भिंत पोटातून फुगून फुटली आणि माळवद खाली आलं. भिंत जितकी जाड तितका मालक मोठा, अशी तिकडची प्रतिष्ठा. कुडाच्या, छपराच्या झोपडीतली गरीब माणसं त्या रात्री जास्त वाचली. पाप-पुण्याचा हिशेब लावू पाहणाऱ्यानं हा हिशेब जरूर लावावा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं होईल. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. आदल्या वर्षीच तिथं बारीक धक्के बसून गेले होते, लोक अंगणात झोपले होते, आणि मग पुन्हा घरात गेले होते. तेव्हा शास्त्रज्ञही चुकले. पण नकाशा बदलला. २००२ मध्ये तो सर्वांत खालचा विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग वरच्या विभागात गेला. बावन्न गावं नव्या जागी नव्यानं बांधली. चुकलेला नवस मात्र कुणी दुरुस्त केलेला मी पाहिला नाही. फळला नाही तर आपलंच काहीतरी कमी पडलं म्हणायचं आणि पुढच्या वेळी तोच बोलायचा.

पण देवाधर्माची माणसं सगळी हात जोडून बसतात, असंही नाही हो. आमच्या शेजारी नृसिंहवाडी आहे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. भाविक त्या दारात स्नान करतात, लांबलांबून येतात. पुराचासुद्धा सोहळा करणारी ही माणसं. आणि पाणी आणखी चढायला लागलं की तिथले पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती उचलतात आणि वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. पूजा तिथं चालू. देव आहे, तो पाण्याचं बघून घेईल, असं म्हणून कुणी मूर्ती खाली ठेवत नाही. त्यात त्यांना कुठं अश्रद्धा दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहिलेल्या माणसांना पाणी कळतं.

हे मी आईला सांगितलं होतं, २०१९ च्या पुरानंतर, गाळ उपसताना. ती काही बोलली नाही. झाडू मारत राहिली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाऊस लागला. मी ताईला फोन करून खोली रिकामी करायला सांगणार, तेवढ्यात आईच आतून ओरडली, “आयर्विनला किती झालं?” अडतीस, मी म्हटलं. अजून इशाऱ्याला दोन फूट होते. ती लुगड्याचा पदर खोचून देव्हाऱ्यापाशी बसली. मला वाटलं, आता ताम्हण काढणार. तिनं लाडवांचा स्टीलचा डबा काढला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, नवी सुपारी एका फडक्यात गुंडाळून आत ठेवली. मग कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं रेशनकार्ड आणि माझे पेन्शनचे कागद आणून देवांच्या वर ठेवले, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, “रिक्षा बोलाव.”

त्या वर्षीही पाणी पन्नासच्या वर गेलं.